रंध्यावर मालूताईला दाखवली

आमच्या घरात कुणी हळू बोललेलं मला आठवत नाही. नगरजवळ भिंगारला छावणीच्या रस्त्याला लागून आमची लांबट खोली. पुढच्या अंगाला दादांची शिलाईची मशिनं, मागच्या अंगाला चूल, मध्ये गोणपाटाचा पडदा. दादा म्हणजे आमचे वडील. लढाईच्या दिवसांत ठेकेदार खाकी कापडाचे गठ्ठे आणून टाकायचा आणि दादा, माझी थोरली बहीण मालूताई आणि एक कारागीर असे तिघं उजाडल्यापासून मशिनांवर बसायचे. त्या खडखडाटात आईनं जेवायला हाक मारली तर ती पडद्याच्या अलीकडेच राहायची. त्यात दादांच्या ओठांत कायम टाचण्या. टाचण्या धरलेला माणूस बोलतो तेव्हा आवाज फुटत नाही, नुसते ओठ हलतात, आणि ते ओठ वाचायला आम्ही बहिणी अक्षरं वाचायच्या आधी शिकलो. शेजारणी म्हणायच्या, ह्या शिंप्याच्या घरात एक तर बोंबलतात नाही तर मुक्यानं बोलतात. खोटं नव्हतं ते.

म्हणूनच मालूताईचं ऐकणं गेलं ते कितीतरी दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाही. लहानपणी तिला मुदतीचा ताप आला होता, त्यातून ती उठली, पण कान हळूहळू बंद होत गेले. एकदा दिवाळीत रस्त्यावर मोठा फटाका फुटला, आम्ही सगळे दचकलो आणि ही बाई शांतपणे करंजीला मुरड घालत बसलेली, तेव्हा आईच्या काळजात धस्स झालं. वैद्य झाले, मिरजेच्या दवाखान्यात नेऊन आणलं, कुणी सांगितलं म्हणून कानात लसणीचं तेल घातलं. काही झालं नाही. बोलणं मात्र तिचं शाबूत राहिलं, फक्त आवाज जरा चढा आणि सपाट झाला. कामाला ती कुणाला हार जायची नाही. अनवाणी पाय जमिनीला टेकवून बसायची आणि दादांच्या मशिनची सुई वाकडी चालायला लागली की त्यांच्या आधी हिला कळायचं. जमिनीतून येतं, म्हणायची.

रात्री मात्र भ्यायची. दिवा मालवला की ओठ दिसत नाहीत, मग तिला सगळंच बंद. म्हणून ती माझ्या पाठीवर तळहात ठेवून झोपायची. मी नुसती खोकले तरी उठून बसायची आणि मला पाणी पाजायची, मला नको असलं तरी. मी वैतागायचे. आता माझ्याच कानात मुलानं आणून दिलेलं यंत्र असतं. ते शिट्ट्या मारतं, नातवंडं हसतात, मग मी ते काढून डबीत टाकते आणि त्यांचे ओठ बघत बसते. माझ्याबद्दल काय काय बोलतात ते सगळं कळतं, कार्ट्यांना पत्ताही नाही.

तर ताईचं लग्नाचं वय झालं आणि आमच्या घरावर काळजीची सावली पडली ती हटेना. आई ताईचा कान झाकायला बघायची. सांगायचं नाही, लग्न होऊ दे, मग माणसं सांभाळून घेतात, असं तिचं म्हणणं. दादांना पटायचं नाही, पण ते टाचण्या तोंडात धरून गप्प बसायचे. दोन ठिकाणची माणसं येऊन गेली. शेवगावकडून आलेल्या एका बाईनं तर कहर केला. ताई पोहे देऊन वळली आणि बाईनं तिच्या पाठीमागं मुद्दाम तांब्या फरशीवर सोडला. आम्ही सगळे दचकलो, ताई सरळ पडद्याआड चालत गेली. बाई आईकडे बघून नुसती हसली, चहा पिऊन माणसं उठली. त्या दिवशी आईनं रांधलं नाही. ताईनं मला विचारलं काय झालं, मी सांगितलं, तर तिनं तो तांब्या घेतला, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि फळीवर ठेवला. मला तिचा हेवा वाटला आणि भीतीही वाटली.

मग राजूरच्या मामानं संगमनेरचं स्थळ आणलं. आईचा हा भाऊ राजूरला कपडे शिवायचा आणि गावोगावच्या शिंप्यांची लग्नं जुळवायचा. मुलाचं नाव दत्तात्रय, घरचं कापडाचं दुकान, मुलगा पलटणीत जाऊन नुकताच परत आलेला, शांत, निर्व्यसनी. आईनं पदर तोंडाला लावला. पुन्हा कुणी तांब्या टाकला तर, एवढंच तिच्या मनात. तेव्हा मामा म्हणाला की घरात दाखवायचीच कशाला, भंडारदऱ्याला सहल काढू. धरण भरलंय, रंध्याचा धबधबा जोरात चाललाय. "तिथं देवाला सुदिक वरडून सांगावं लागतं, अक्का. कोन बहिरं अन् कोन न्हाई, कुनाला कळनार हाय?" आई महिन्याभरात पहिल्यांदा मोकळी हसली. संगमनेरकरांनीही लगेच होकार कळवला. किती हौशी माणसं, आम्हाला वाटलं.

माझं काम ठरलं. मी ताईच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, तिचा पदर धरून. नाव विचारलं की एकदा ओढायचा, हो म्हणायचं असेल तर दोनदा. आईनं आठवडाभर माझ्याकडून हे घोकून घेतलं. शाळेतल्या परीक्षेला मी कधी इतकी घाबरले नव्हते. मी चुकले तर ताईचं आयुष्य गेलं, असं आईनं मला तोंडावर सांगितलं होतं, आणि बाराव्या वर्षी ते मला अक्षरशः खरं वाटत होतं.

दसरा होऊन गेला होता. त्या वर्षी पाऊस लांबलेला. कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही नगरहून निघालो. ती चढाला धापा टाकायची, ड्रायव्हर खाली उतरून मागची कोळशाची भट्टी ढोसायचा, आणि दर वेळी आई डोळे मिटून हात जोडायची. मांडीवर डब्यांचं गाठोडं. दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही घालून कालवलेला भात. राजूरला मामाकडे मुक्काम केला. मामीनं तांदळाच्या भाकरी आणि वालाची उसळ केली होती. एरवी मी तिसरी भाकरी मागितली असती. त्या दिवशी पहिलीच अर्धी ठेवून उठले.

सकाळी संगमनेरकर येऊन मिळाले आणि दोन बैलगाड्या निघाल्या, पुढची संगमनेरकरांची, मागची आमची. आमच्याकडची माणसं पाणी हंड्यानं मोजणारी. इथं तर डोंगराच्या अंगावरून जिकडे तिकडे पाणी ओघळत होतं, खाचरांत भात पिवळा पडत चालला होता, कळसूबाईच्या माथ्यावर ढग बसलेला. दादा सारखे म्हणत होते, काय मुलूख आहे, काय मुलूख आहे. आईनं एकदाही मान वर करून बघितलं नाही. ती ताईच्या केसांवरून हात फिरवत होती, नीट बसलेले केस पुन्हा पुन्हा बसवत होती.

रंध्याचा आवाज धबधबा दिसायच्या कितीतरी आधी यायला लागला. जवळ गेल्यावर तर छातीत घुमायला लागला. प्रवरेचं सगळं पाणी कड्यावरून खाली दरीत पडत होतं आणि तुषार वर येऊन अंगावर बसत होते. मामा खरं तेच बोलला होता. संगमनेरकरांचे वडील दादांच्या कानाला तोंड लावून ओरडत होते आणि दादा हात हलवून, कळलं नाही, म्हणत होते. मुलगा जरा बाजूला उभा होता. उंच, सावळा, हात पाठीमागं घट्ट बांधलेले. पाण्याकडे बघताना तो डोळे मिटून घेत होता. त्याची आई पुढं आली, ताईला तिनं नाव विचारलं. मी पदर ओढला. ताईनं नाव सांगितलं, मोठ्यानं. तिथं सगळेच मोठ्यानं बोलत होते. बाईनं मान हलवली, ताईच्या हनुवटीला हात लावला आणि झालं. पुढं एक प्रश्न नाही. आईनं माझ्याकडे बघून डोळ्यांनी शाबासकी दिली. माझ्या हाताला घाम सुटून पदराचं टोक ओलं झालं होतं.

मग बायका पांगल्या. मुलाची आई आणि तिची धाकटी बहीण समोरच्या सपाट खडकावर जाऊन उभ्या राहिल्या, तोंडं आमच्याकडे करून. त्या बोलत होत्या. मी काही तिकडे लक्ष दिलं नाही, मी तुषारांत इंद्रधनुष्य शोधत होते. एकाएकी माझ्या हातातला पदर ताणला गेला. ताई एक पाऊल पुढं सरकली होती आणि त्या दोघींकडे टक लावून बघत होती. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी दोनदा पदर ओढला, तीनदा ओढला. तिनं वळूनही बघितलं नाही.

परत फिरायचं ठरलेलं होतं, पण मुलाच्या वडिलांनी हट्ट धरला की एवढं आलोय तर धरण बघूनच जाऊ, तळ्याकाठी बसून जेवू. आईनं मामाकडे बघितलं. तळ्याकाठी कसला आला आवाज. पण नाही कसं म्हणणार. गाड्या भंडारदऱ्याकडे वळल्या. आई मामाशेजारी पुढं जाऊन बसली आणि कुजबुजत त्याला बोल लावायला लागली. आम्ही दोघी मागं. ताईनं माझी हनुवटी धरून स्वतःकडे वळवली आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी, मला सगळं सांगितलं. मुलाची आई बहिणीला म्हणाली होती, राजूरवाल्यानं मला आधीच सांगितलंय, पोरगी बहिरी हाय. तेच बरं हाय. दत्ता रातचा वरडत उठतो, सगळं घर जागं होतं, पारनेरच्या लोकांनी एक मुक्काम केला अन् ठरलेलं मोडून गेले. हिची झोप तर मोडनार न्हाई. बहिणीनं विचारलं होतं, अन् पुढं कळलं म्हंजी? त्यावर ती म्हणाली होती, कळायला ऐकू तर आलं पायजे.

आपण तिला झाकून आणलं आणि त्यांनी त्याला झाकून आणलं, मामानं एकाच बाजूला सांगितलं, आणि ज्या दोघांचं लग्न त्यांना कुणी काही विचारलं नाही. आईला सांगावं तर ती तिथंच कोसळेल, नाही सांगावं तर माझी बहीण ओरडणाऱ्या माणसाच्या घरात जाईल. काय म्हणून ओरडतो? वेडा आहे? मारतो? मी ओठांनीच विचारलं, आईला सांगू? ताईनं मान हलवली. नको. मग काय करणार तू, मी विचारलं. ती म्हणाली, बघू. आणि ती खरंच बघायला लागली, डोंगर, झाडं, वाटेवरची तेरड्याची फुलं. मला एक फूल दिसलं नाही.

तळं मात्र मी विसरले नाही. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये हललं न हललं असं पाणी. त्यात डोंगर उलटे दिसत होते. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. भिंगारच्या मशिनांतून आलेली मी, मला ती शांतता अंगावर आल्यासारखी वाटली. मुलाच्या वडिलांनी सुपारी कातरली तर तिचा कटकट आवाज पाण्यावरून परत यायचा. आई डबे उघडताना झाकणं अशी जपून काढत होती की जणू त्यांच्या आवाजानंच सगळं उघडं पडेल. पाठीमागून कुणी ताईला हाक मारू नये म्हणून ती मुद्दाम ताईच्या मागं बसली. बिचारी. तिला काय माहीत की समोरच्या बाईला हाक मारायचीच नव्हती. दोघी आया एकमेकींच्या पुऱ्यांची तारीफ करत होत्या आणि एकमेकींच्या पोरांकडे बघायचं टाळत होत्या.

मुलगा चार घास खाऊन उठला आणि लांब पाण्याच्या काठाला जाऊन बसला. थोड्या वेळानं ताई उठली. तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि सरळ त्याच्याकडे चालायला लागली. आईच्या हातातली दशमी तशीच राहिली. बघायला आणलेली मुलगी चारचौघांत उठून मुलापाशी जाते, असलं त्या काळी कुणी ऐकलंही नव्हतं. तिचा पदर धरायचं काम माझं होतं, म्हणून मी मागं धावले. दादा मला "इंदे" म्हणून ओरडले, पण मी थांबले नाही.

ताई त्याच्या समोर बसली, तोंडासमोर तोंड. "मला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. तिच्या त्या चढ्या सपाट आवाजात, त्या शांततेत. मागं सगळ्यांना गेलं ते. आईनं हुंदका दिलेला मला ऐकू आला. मुलगा म्हणाला, माहीत हाय. "तुमी रातचे वरडता म्हनं," ताई म्हणाली. त्यानं दचकून आपल्या आईकडे बघितलं. "तिकडं नका बघू. माझ्याकडं तोंड करून बोला, म्हंजी मला कळंल."

तो तिच्याकडे वळला. मग बोलला, अगदी हळू. मागच्या माणसांना ते ऐकू गेलं नाही, फक्त मला गेलं आणि ताईला दिसलं. पलटणीत शिंपी म्हणून भरती झाला होता. ब्रह्मदेशात नेलं. पुढं पुढं शिवायला कपडेच राहिले नाहीत, मग मेलेल्या माणसांना कांबळ्यात घालून शिवायचं काम त्याच्याकडे आलं. "एकदा मला वाटलं, आतला हालला," तो म्हणाला. "मी थांबलो. सायब म्हनला, शिव. मी शिवलं." त्यानं आपली बोटं पुढं करून बघितली. तेव्हापासून हातात सुई धरवत नाही म्हणाला. त्या धबधब्यापाशी बरं वाटत होतं, तिथं दुसरं काही ऐकू येत नव्हतं, असंही म्हणाला. ताईनं विचारलं, आईला सांगितलं हे? तो म्हणाला, कुणालाच न्हाई. आज तुमाला.

ताईनं तांब्या पुढं केला. पानी घ्या, म्हणाली. तो प्यायला. बस, एवढंच. मला रडू येत होतं आणि का ते कळत नव्हतं.

परतीच्या वाटेवर दादांनी मामाला असं फैलावर घेतलं की बैलसुद्धा बिचकले. लग्न मोडलं म्हणून समजायचं, दादांनी जाहीर केलं. आई तर नुसती रडत होती, सख्ख्या भावानं लपवलं आणि समोरच्यांनीही, तिचा दोन्हीकडून घात झाला होता. राजूरला पोचल्यावर ताईनं दादांच्या समोर बसून सांगितलं, मला ह्याच घरी जायचंय. दादांनी हातवारे करून विचारलं, तुला कळतं का तू काय बोलतीस? ती म्हणाली, "माझं मी सांगितलं, त्यांचं त्यांनी सांगितलं. आता मोडायला ऱ्हायलं काय?" दादांच्या तोंडात त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, तरी ते काही बोलले नाहीत.

माघात लग्न झालं. ताई गेली आणि आमच्या घरात आई दर रात्री उठून बसायला लागली. आत्ता तो ओरडत असेल, म्हणायची. पोरगी एकटी, अंधारात, कळत नाही काही. मीसुद्धा पाठीवरच्या हाताशिवाय झोपायला शिकत होते आणि ते जमत नव्हतं. चैत्रात मला संगमनेरला पाठवलं, बहिणीकडे राहायला म्हणून, पण खरं तर बघून यायला. आईनं निघताना माझा दंड धरून सांगितलं, सगळं नीट बघ, काही झाकू नकोस.

मी चार दिवस राहिले. रात्री जीव मुठीत धरून पडायचे, कान पलीकडच्या खोलीकडे. काहीच नाही. घरात चिडीचूप. दाजी दुकानात कापड फाडून द्यायचे, सुईला हात लावायचे नाहीत. घरातली सगळी शिवण ताईच करायची, आणि शेवटपर्यंत तीच करत राहिली. निघायच्या दिवशी सकाळी ताईच्या सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी शेजारी बसलेले, ताई समोर भाजी निवडत होती. सासूबाईंनी मान तिच्याकडे वळवली, नीट समोर, ओठ दिसतील अशी. एवढं त्या तोवर शिकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मालू, आताशा दत्ता वरडत न्हाई का गं? लगीन झाल्यापासून एकदा सुदिक आवाज आला न्हाई."

"रोज उठत्यात," ताई म्हणाली. "माझा हात त्यांच्या पाठीवर असतो. आवाज निघायच्या आधी पाठ थरथरती. तवाच मी त्यांना जागं करते."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, ती करपली.